देवाची प्रीती मान्य आहे, पण ती स्वीकारायची कशी?

प्रश्न

सर्वांस प्रभूच्या नावात सलाम. माझा जन्म ख्रिस्ती घरातला. शब्बाथ शाळेत योहान 3:16 हे देवाच्या प्रीतीविषयीचे वचन पाठ केले, पुढे दृढीकरणही, म्हणजे बाप्तिस्म्याच्या विश्वासाची मंडळीपुढे पुष्टी करण्याचा विधीही, झाला. देव प्रीती आहे, हे मी कधीच नाकारलेले नाही. तरीही प्रार्थनेला गुडघे टेकले की मन आधी हिशेब मांडू लागते: या आठवड्यात शास्त्रवाचन किती चुकले, कोणावर रागावलो, मंडळीच्या कामात कुठे कमी पडलो. हिशेब बरा निघाला तर देव जवळ वाटतो; नाही निघाला तर त्याच्यापुढे उभे राहण्याचा धीर होत नाही आणि अशा वेळी मी प्रभुभोजनही, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधीही, टाळतो. देवाची प्रीती विनामूल्य आहे असे उपदेशात ऐकतो, पण ती स्वीकारायची म्हणजे नेमके काय करायचे? आणि ती अशीच मिळत असेल, तर आज्ञा पाळण्याला काय अर्थ उरतो?

उत्तर 1

लूकच्या शुभवर्तमानाच्या 15 व्या अध्यायातला उधळ्या पुत्राचा दाखला आपण बहुधा धाकट्या मुलासाठी वाचतो. आपल्या प्रश्नासाठी तो दोन्ही मुलांकडे पाहत वाचावा असे मी सुचवेन. सगळे उधळून धाकटा घरी परत येताना वाटेतच बोलणे जुळवून ठेवतो की, मी आपला मुलगा म्हणवून घ्यायला योग्य नाही, मला आपल्या एखाद्या मोलकऱ्यासारखे ठेवा. घर सोडताना त्याने बापाकडून वाटणी मागितली होती, परतताना तो मजुरी मागणार आहे. काहीही न देता मुलगा म्हणून घरात घेतले जावे, हे त्याच्या कल्पनेतही नाही. बाप मात्र तो दूर असतानाच धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडतो, आणि मुलाने आपली अयोग्यता कबूल करताच, मोलकऱ्याची गोष्ट त्याच्या तोंडून निघण्यापूर्वीच, चाकरांना उत्तम झगा आणायला सांगतो.

थोरला मुलगा तर घर सोडून कुठे गेलेलाच नाही. पण भावासाठी मेजवानी चालली आहे हे कळताच तो रागाने घराबाहेरच थांबतो. इतकी वर्षे मी तुमची चाकरी केली आणि तुम्ही मला कधी करडूसुद्धा दिले नाही, असे तो म्हणतो तेव्हा कळते की बापाच्या घरात राहूनही तो मजुरासारखाच जगत होता. त्यावर बाप त्याला बाळा म्हणून हाक मारतो आणि माझे जे आहे ते सर्व तुझेच आहे, असे सांगतो. आपण ज्या हिशेबाबद्दल लिहिले आहे तो मला या थोरल्या मुलाचा हिशेब वाटतो. तो थांबवण्यासाठी आणखी चांगले वागण्याचा निश्चय करून भागणार नाही, कारण त्या निश्चयाचाही पुन्हा हिशेबच होतो. बाप जे म्हणतो ते खरे मानून आत जायचे, हेच स्वीकारणे.

उत्तर 2

पंडिता रमाबाईंचे उदाहरण येथे आठवते. त्यांचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदासदन सुरू केले आणि विधवांच्या शिक्षणासाठी स्वतःला वाहून घेतले. असे असूनही बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त सापडला नव्हता, हे आपल्याला उमगले, असे त्यांनी स्वतःच्या साक्षीत लिहून ठेवले आहे. संस्कृत शास्त्रांत पारंगत असलेल्या आणि सेवेत कुठेही कमी न पडलेल्या या बाईंनाही आपले तारण स्वतःच्या योग्यतेवर नव्हे, तर ख्रिस्ताने केलेल्या कार्यावर उभे आहे, हे मनापासून पटायला इतका काळ लागला. म्हणून आपल्याला उशीर झाला असे समजू नये. शिवाय निराधार स्त्रिया आणि मुलींसाठी त्यांनी चालवलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनचा व्याप त्यानंतर उभा राहिला, हेही पाहावे. आज्ञापालनाला काय अर्थ उरतो, या आपल्या प्रश्नाचे मला सर्वांत पटणारे उत्तर तेथे मिळते, कारण देवाने आपल्याला स्वीकारले आहे याची खात्री झाल्यावर त्यांचे हात थांबले नाहीत, उलट दुष्काळात निराधार झालेल्या मुलींना त्यांनी पोटाशी धरले.

उत्तर 3

मी वसईची कॅथलिक आहे. आमच्याकडे पापनिवेदनानंतर, म्हणजे धर्मगुरूंपुढे आपली पापे कबूल केल्यावर, धर्मगुरू पापक्षमेचे शब्द मोठ्याने उच्चारतात आणि ते आपण कानांनी ऐकतो. मनाला क्षमा जाणवो वा न जाणवो, ते शब्द माझ्या मनःस्थितीवर अवलंबून नसतात, याचा मला मोठा आधार आहे. आपल्याला काहीच जाणवत नसेल तर बायबलमधील स्तोत्र 88 वाचावे. ते अंधारातच संपते, शेवटी सांत्वनाची एकही ओळ नाही, तरी आरंभी त्याच देवाला माझ्या तारणाच्या देवा म्हणून हाक मारलेली आहे. काही जाणवत नसतानाची प्रार्थनाही पवित्र शास्त्राने प्रार्थना म्हणूनच जपली आहे. मात्र ही अपराधीपणाची भावना झोप आणि जेवण बिघडवण्याइतकी वाढली असेल, तर पाळकांबरोबर डॉक्टरांशीही अवश्य बोलावे. त्यात विश्वासाची उणीव मुळीच नाही.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचा ऋणी आहे. थोरल्या मुलाकडे मी या दृष्टीने कधी पाहिले नव्हते. पण प्रभुभोजनाबाबत अजून भीती वाटते. अयोग्य प्रकारे खाणारा दोषी ठरतो, असे प्रेषित पौलच लिहितो ना?

उत्तर 1

होय, करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या त्याच्या पहिल्या पत्राच्या 11 व्या अध्यायात तसे आहे. पण करिंथ येथे काय घडत होते तेही त्याच अध्यायात आहे: काही जण आधीच पोटभर जेवून आणि पिऊन मस्त होत होते आणि गरीब भाऊबहिणी उपाशी राहत होत्या. पौलाचा रोष त्यावर आहे. आणि 28 व्या वचनात तो माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावे, असे सांगतो. परीक्षा करून घरी बसावे असे तो म्हणत नाही. आपली परीक्षा तर दर आठवड्याला होतेच आहे. आता येत्या प्रभुभोजनाला, हिशेब कसाही असला तरी, मेजाजवळ जावे.