नवा ब्लॉग कोठे सुरू करावा? आपले अनुभव लिहा

नवा ब्लॉग काढायचा म्हटले की पुष्कळांच्या पहिल्या संध्याकाळी थीम पाहण्यातच जातात. पर्यायही आता थोडे नाहीत: १९९९ मध्ये ब्लॉगर आले, २००३ मध्ये वर्डप्रेस, आणि पुढे टंबलर, मीडियम, घोस्ट, सबस्टॅक अशी भर पडत गेली. आपण काय निवडले, आणि विशेषतः ती जागा सोडावी लागली तेव्हा लेखन सोबत नेता आले का, हे कृपया सविस्तर लिहावे.

सुरुवात मी करते. माझा पहिला ब्लॉग एका मोफत सेवेवर होता. ती बंद होत असल्याची ईमेल आली, तेव्हा मी निर्यातीची फाइल (सेवेवरून आपले लेखन काढून देणारी फाइल) उतरवून घेतली आणि निर्धास्त झाले. काही महिन्यांनी ती उघडली, तर लेखांचा मजकूर होता, पण छायाचित्रांचे केवळ दुवे होते आणि मूळ चित्रे सेवेबरोबरच नाहीशी झाली होती. प्रतिसादही आले नव्हते. त्यांत एका ज्येष्ठ वाचकांनी माझी चूक दाखवून देत लिहिलेला दीड पानांचा मजकूर होता. ते आता हयात नाहीत, आणि त्या मजकुराची प्रत कोणाकडेच नाही.

*

मी ब्लॉगरवर सुरुवात केली, पण पहिल्याच महिन्यात स्वतःचे डोमेन, म्हणजे ब्लॉगचा स्वतःचा पत्ता, जोडले. त्यासाठी तेथे वेगळे शुल्क नाही. डोमेनची नोंदणी आणि दरवर्षीचे नूतनीकरण तेवढे आपल्याकडे असते. सहा वर्षांनी वर्डप्रेसवर आलो तेव्हा पत्ता तोच राहिला, आणि जुन्या दुव्यांवरून नव्या दुव्यांवर नेणारी ३०१ पुनर्निर्देशने लावल्यामुळे इतरांनी आपापल्या लेखांत दिलेले माझे दुवेही शाबूत राहिले.

*

मराठीत लिहिणाऱ्यांनी लेखाच्या दुव्याकडे अवश्य लक्ष द्यावे. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते आणि दुव्यात प्रत्येक बाइट टक्केचिन्हासह ३ वर्णांनी लिहिला जातो. म्हणजे एक काना किंवा वेलांटीसुद्धा ९ वर्ण व्यापते. वर्डप्रेसमध्ये दुव्यातील नावाला २०० वर्णांची मर्यादा असल्याने साधारण २२ चिन्हांनंतर मराठी शीर्षक तुटते. म्हणून मी प्रत्येक लेखाचे दुव्यातील नाव स्वतः, रोमन लिपीत, दोन-तीन शब्दांत देतो. हे पहिल्या लेखापासून करावे, कारण प्रसिद्ध झालेला दुवा बदलला तर जुना मोडू शकतो.

*

वर्डप्रेस म्हणताना दोन गोष्टींची गल्लत होते: एक २००५ पासून चालणारी वर्डप्रेस डॉट कॉम ही सेवा आणि दुसरी, आपण होस्टिंग (ब्लॉग ठेवण्यासाठी सर्व्हरवरची भाड्याची जागा) घेऊन त्यावर बसवायची मुक्त प्रणाली. मी दुसरी निवडली आणि तिचे स्वातंत्र्य मनापासून आवडले. मात्र आजारपणात चार महिने एक प्लगइन (प्रणालीला जोडलेली जादा सुविधा) अद्ययावत करायचे राहिले, आणि त्यातील फटीतून कोणीतरी शिरून वाचकांना भलत्याच संकेतस्थळावर पाठवू लागले. बॅकअप होता, पण तोही त्याच सर्व्हरवर, आणि तो बाधित झालेला. लेख एकेक करून शोधयंत्रांनी साठवलेल्या प्रतींमधून परत टंकावे लागले. ज्यांना ही देखभाल झेपणार नाही, त्यांनी स्वतः होस्टिंग घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

*

वरील सारे मान्य करूनही सांगते, मोफत आणि सोप्या सेवेमुळेच मी, लिहावेसे वाटले त्याच रात्री, पहिला लेख लिहू शकले. डोमेन आणि होस्टिंग शिकत बसले असते, तर कदाचित लिहिलेच नसते.

*

मी कविता लिहितो, त्यामुळे माझी कसोटी निराळी आहे. नव्या सेवेवर मी आधी तीन चाचणीलेख टाकले: एक छायाचित्रांसह, एक तळटीपांचा आणि एक कविता. लगेच निर्यात करून फाइल उघडली. छायाचित्रे आली होती, तळटीपाही जागेवर होत्या. कवितेच्या सोळा ओळी मात्र एका सलग परिच्छेदात आल्या होत्या. त्याच दुपारी मी ते खाते बंद केले.