घोडीच्या पायाचे थर्मल फोटो, गोव्यातल्या हवेत कसे घ्यायचे? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, पेडण्यात आमचा छोटा तबेला आहे, त्यात रेसमधून रिटायर झालेली एक थरोब्रेड घोडी. लंगडत नाही, ट्रॉटलाही (दुडक्या चालीलाही) सरळ जाते, पण सईस म्हणतो की कामानंतर डाव्या पुढच्या पायाला गुडघ्याखाली मागच्या बाजूला, टेंडनवर (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीसारख्या भागावर), हाताला कोमट लागतं. मला तर काहीच लागत नाही, पण त्याच्या हातावर माझा विश्वास आहे. म्हणून मित्राचा मोबाईलला लावायचा थर्मल कॅमेरा आणलाय. आत दुखापत सुरू झाली की रक्तपुरवठा वाढून वरची कातडी तापते, घोडा लंगडायच्या आधीच, आणि दोन्ही पायांच्या त्याच जागेत १ अंशाहून जास्त फरक असेल तर लक्ष द्यायचं, इथपर्यंत कळलं. पुढे सगळा घोळ. सकाळी डावा पाय लालभडक, दुपारी पत्र्याखाली दोन्ही सारखेच, आणि चिखल धुतला की दोन्ही निळे! आमचे डॉक्टर मुख्यतः गुरांचे, सोनोग्राफीला पुण्याहून माणूस बोलवायचा म्हणजे खर्च आला. चवथीनंतर सीझन, तोवर तिला कामाला लावू की नको? कोणी वापरलाय का हा कॅमेरा?

प्रतिसाद:
सकाळचं ऊन दारातून डाव्या बाजूला येतं का बघा आधी. उन्हात, वाऱ्यात, पंख्याखाली घेतलेला फोटो फुकट. आपल्याकडे दुपारी हवाच कातडीइतकी तापते, वर घाम, मग फरक दिसणार कुठून, त्यामुळे उजाडायच्या आधी आणि कामाच्या आधी घ्या. पाय कोरडा, मालीशचं तेल नको, घोडी आत आणून पंधरा-वीस मिनिटं नुसती उभी करा. आणि रंगावर जाऊ नका हो, कॅमेरा दर फोटोला स्केल (कुठला रंग म्हणजे किती तापमान) आपोआप बदलतो, ती लॉक करून आकडे लिहा, दोन्ही पाय एकाच फ्रेममध्ये, अंतर रोज तेवढंच. गार डागही सोडू नका, रक्तपुरवठा कमी झाला तरी तसा दिसतो. कॅमेरा फक्त जागा दाखवतो, टेंडन फाटलंय का ते सोनोग्राफीच सांगते. तोवर फक्त हातात धरून चालवा, कॅंटर (हलकी दौड) बंद.

धागाकर्ता:
ऊन येतं खरं, डाव्याच बाजूला! रात्री पट्टी बांधतो, ती काढून किती वेळ थांबू?

प्रतिसाद:
दोन तास तरी. नाहीतर पट्टीचीच ऊब मोजाल. आठवडाभर आकडे लिहा, फरक रोज त्याच जागी येत राहिला तर पुण्याला फोन लावा, तेव्हा पैशाकडे बघू नका.