जाता जाता लावलेल्या डब्या सांभाळायच्या कुणी?

वर्धाकाठ

सह्यवेडा यांनी गेल्या आठवड्यात विदर्भातल्या जिओकॅशिंगवर लिहिलं, ते वाचून गप्प बसवलं नाही. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी सार सांगतो. जिओकॅशिंग म्हणजे कुणी लपवलेली डबी ॲपवरच्या जीपीएस खुणेवरून शोधायची आणि आतल्या कागदावर नाव लिहायचं, असा खेळ; त्या डबीला कॅश म्हणतात. हिवाळ्यात त्यांनी इकडे दौरा केला. निम्म्या कॅश जागेवर नव्हत्या, उरलेल्या म्हणजे कॅमेऱ्याच्या फिल्मच्या डब्या आणि आत लगदा झालेला कागद. ‘इथल्या लोकांना या खेळाची समज नाही’ असं त्यांचं मत झालं, म्हणून परतताना त्यांनी स्वतः चार दर्जेदार कॅश लावल्या. त्यातली एक खास रात्रीची.

त्या चारपैकी दोन माझ्या तालुक्यात आहेत. दोन्ही पाहून आलो. नाल्याकाठचा डबा खरोखर चांगला आहे, चारही बाजूंनी क्लिपा, झाकणाला रबर. पण ठेवलाय काळ्या जमिनीत, दगडाच्या आडोशाला. मार्च उलटला की या मातीला कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा पडतात आणि जूनच्या पावसात तीच माती फुगून मिटते. दगड कलंडलाय, डबा भेगेत तिरपा उतरून गाळात रुतलाय. उन्हानं एक क्लिप तडकली, तेवढ्या फटीतून वाळवी आत शिरली. वहीचा पुठ्ठा तेवढा उरलाय, पानांच्या जागी माती. हिवाळ्यात आलेल्या माणसाला ही जमीन कडक आणि भरवशाची वाटते. इथला माणूस तिथं डबा ठेवणारच नाही, वर बाभळीच्या बेचक्यात बांधेल.

माझं म्हणणं एवढंच आहे: ज्याला मे महिन्यात आणि ऑगस्टमध्ये त्या जागी जाता येत नाही, त्यानं तिथं कॅश लावू नये. डबा किती महागाचा आहे यावरून दर्जा ठरत नाही.

रात्रीच्या कॅशबद्दल तर रागच आहे. पांदणीच्या कडेच्या झाडांना चमकणारे टाचे, म्हणजे बारीक खिळे, ठोकलेत. बॅटरी मारत एकेक टाचा शोधत जायचं आणि शेवटी पडक्या गढीच्या भिंतीत डबा. त्या पांदणीच्या दोन्ही अंगांना वावरं आहेत. रानडुकरांसाठी कुणी तारांना झटका मशीन लावतं, कुणी बेकायदा थेट करंट सोडतं. अशा तारांना चिकटून आपल्या भागात माणसं गेलेली आहेत. अंधारात फोनकडे बघत चालणाऱ्याला ती तार दिसेल का?

सह्यवेडा

राग समजला, आता माझी बाजू ऐका. माझ्या आधी त्या तालुक्यात एकही कॅश नव्हती. एकही. तुम्ही बारा महिने तिथं राहता, तुम्ही काय लावलं? नकाशा रिकामा ठेवायचा आणि कुणी काही लावलं की नावं ठेवायची, याला खेळावरचं प्रेम म्हणत नाहीत. देशात हा खेळ अजून मूठभर लोकांचा आहे आणि तो उभा राहिलाय प्रवासात कॅश लावणाऱ्यांच्या जिवावर. देखभालीसाठी नागपूरच्या मित्राचं नाव दिलं होतं, नवीन कॅशची नोंद तपासणाऱ्या रिव्ह्यूअरनं ते बघून कॅश प्रसिद्ध केली. नियम मोडलेला नाही.

आणि फिल्मच्या डबीचं समर्थन मी करणार नाही. पानटपरीच्या मागं, थुंकलेल्या भिंतीत बोटाएवढी डबी कोंबायची आणि अनोळखी माणसाला तिथं बोलवायचं? त्यापेक्षा माझा गाळातला डबा बरा.

वर्धाकाठ

पानटपरीची डबी वाईटच, त्यावर वाद नाही. पण तुमच्या मित्राच्या घरापासून तो नाला दीडशे किलोमीटर आहे. एप्रिलपासून तीन जणांनी ‘सापडली नाही’ अशी नोंद केली, देखभालीची मागणीही टाकली. मित्र आला का? रिव्ह्यूअर पडद्यावर अंतर मोजतो, जमिनीच्या भेगा नाही.

शतकवीर

मंडळी, एकेका डबीवर भांडत बसण्यापेक्षा संख्या वाढवा. दोन कॅशमध्ये १६१ मीटर अंतर ठेवायचा नियम. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर. त्याच्या कडेनं ओळीनं लावल्या तर चार हजारांवर बसतात! परदेशात अशा लांबच लांब ओळी आहेत, त्यासाठी लोक मुद्दाम प्रवास करतात.

वर्धाकाठ

समृद्धीवर गाडी थांबवायला मनाई आहे. उभ्या वाहनांवर आदळून तिथं माणसं मेली आहेत. हा विषय कृपा करून इथं आणू नका.

मोहफूल

मी ब्रह्मपुरीकडची. सह्यवेडा यांची तिसरी कॅश आमच्या बाजूला आहे, बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीवर. वर्णनात लिहिलंय ‘शांत जागा, पहाटे यावे’. मार्च-एप्रिलमध्ये आमच्याकडच्या बाया उजाडायच्या आधी मोह वेचायला जातात. वाकून वेचताना माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही. किती घरं त्यात बसली ते आम्हाला विचारा. त्या बाया पोटासाठी जातात, तरी घोळक्यानं, मोठ्यानं बोलत, एकमेकींना हाका मारत जातात. आणि तुम्ही परक्या माणसाला एकट्यानं, पहाटे, पाण्याच्या जागी बोलावताय. उन्हाळ्यात जनावर पाण्यावर येणार नाही तर कुठं जाणार?

जागेवर पोचणं किती अवघड ते सांगणारी भूभागाची श्रेणी तुम्ही दीड दिली आहे. पाळीवर चढायला सोपं, म्हणून दीड. वाघाचा रस्ता त्या श्रेणीत कुठंच येत नाही.

सह्यवेडा

ताई, मी गेलो तेव्हा तिथं गुराखी होता, मुलं खेळत होती. मला कुणी काही बोललं नाही.

मोहफूल

दुपारी गेला असाल. आणि विचारलं असतं तर त्या गुराख्यानंच सांगितलं असतं.

धुऱ्यावरून

ते पांदन माह्या वावराले लागून हाय. मले कोनी इचारलं नाही. डिसेंबरात हरभऱ्याच्या जागलीवर होतो, त रातच्याले दोन बॅटऱ्या झाडायवर फिरताना दिसल्या. आमाले पयले काय वाटते? मोटारीची केबल चोराले आले. माही केबल गेली हाय आधी. काठी घेऊन धावलो, त पोट्टे म्हनते काका आमी डबी शोधून राह्यलो. रातचे अकरा वाजता डबी!

अन् एक सांगतो भाऊ. डुकरानं हरभरा लोळवला त पंचनाम्याले मानूस येत नाही, अर्ज देऊन देऊन चपला झिजल्या. तारेचं कुंपन करा म्हनते, पैसा कोन देते? इथं कोनाले आमच्या वावराचं पडलं नाही, अन् डबी पाहाले मात्र पुन्यावरून येते. झाडाले टाचे ठोकले ते कडुनिंब माह्या आज्यानं लावलेलं हाय.

सह्यवेडा

काका, टाच्यांबद्दल वाईट वाटलं. पांदण सरकारी रस्ता असतो म्हणून मला परवानगीची गरज वाटली नाही.

गढीकर

परवानगीचा विषय निघालाच आहे तर खरी गोष्ट सांगतो. पांदण सोडा, गढीत डबा ठेवला हे सगळ्यात धोक्याचं. आमच्याही गावात गढी आहे. अवसेच्या रात्री शहरातली दोन मुलं तिथं सापडली. एकजण भिंतीच्या खबदाडात खांद्यापर्यंत हात घालून, दुसरा फोनचा उजेड धरून. अर्धं गाव जमा झालं. सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द, गुप्तधन. पोलीस पाटलांनी मध्ये पडून मुलांना ग्रामपंचायतीत नेऊन बसवलं म्हणून मार टळला. मुलं ॲप दाखवत होती आणि त्यानं लोक आणखी चिडले, कारण पडद्यावर नकाशा आणि त्या नकाशावर बरोबर गढीवर खूण! उजाडेपर्यंत बसवून ठेवलं होतं.

सह्यवेडा

म्हणजे गावातल्या अंधश्रद्धेपायी खेळच खेळायचा नाही? दोष त्या मुलांचा की जमावाचा?

विवेकी अमरावतीकर

थांबा. अंधश्रद्धा कुणाची, हे आधी नीट बघा. गुप्तधनासाठी पूजा मांडणारे, बळी द्यायला निघणारे भोंदू अंधश्रद्ध. दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या नावानं चालणारे अघोरी प्रकार नाव घेऊन गुन्हा ठरवलेत, ते उगाच नाही. अशा टोळ्यांच्या बातम्या आपल्याच जिल्ह्यांतून येतात. रात्री गढी उकरणाऱ्याला अडवणारं गाव सावध आहे. तुम्ही त्याला मागास म्हणताय, हा शहरी माज आहे. आम्ही गावोगाव प्रबोधन करतो आणि तुम्ही नेमका गढीत डबा लपवून त्या अफवेला खतपाणी घालता.

सह्यवेडा

माज हा शब्द मागे घ्या. मी कुणाला मागास म्हटलेलं नाही.

वर्धाकाठ

‘इथल्या लोकांना समज नाही’ हे तुमच्याच लेखातलं वाक्य आहे.

गढीकर

विवेकीसाहेब, सावधपणा मान्य, पण माणसं बांधून मारायला निघालेल्या जमावाचं कौतुक नको. मी तिथं उभा होतो. त्या मुलांच्या आईबापांना काय उत्तर दिलं असतं?

विवेकी अमरावतीकर

मारहाणीचं समर्थन मी कुठं केलं? अडवणं आणि मारणं यात फरक आहे. पण त्या रात्री गावाच्या मनात जे आलं त्याला कारण आहे, एवढंच म्हणतोय.

शिळावर्तुळ

गुप्तधनवाल्यांनी काय नासधूस केली आहे ते बघायचं असेल तर नागपूरजवळच्या शिळावर्तुळांकडे जा. जुनापाणी, माहुरझरी. लोहयुगातल्या माणसांची दफनं आहेत ती. जुनापाणीला १९व्या शतकात रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्यानं उत्खनन केलं, तेव्हापासून जगाला माहीत आहेत. आत सोनं आहे या समजुतीनं रात्री खड्डे खणणारे आहेत. निघतं काय? खापरं, गंजलेलं लोखंड, घोड्याच्या साजाचे तुकडे. एकदा थर विस्कटला की अभ्यासाच्या दृष्टीनं ती जागा संपली. १८७८ च्या निखात निधी कायद्यानं दहा रुपयांच्या वर किमतीचं काही जमिनीत सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं, पण रात्री खणणारा कुठला कळवायला!

म्हणून जिओकॅशवाल्यांना हात जोडून सांगतो, जुन्या दगडांच्या आसपास डबा नकोच. तुम्ही खणत नाही, मान्य. तुमच्या नियमात खणायला बंदी आहे, तेही मान्य. पण शोधणारा दगड हलवतो. दहा जणांनी दहा दगड हलवले की वर्तुळ मोडतं.

सह्यवेडा

गंमत बघा, पहिली कॅश जमिनीत पुरलेलीच होती. अमेरिकेनं २ मे २००० ला जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली चूक काढली आणि दुसऱ्याच दिवशी ऑरेगनमध्ये डेव्ह अल्मरनं प्लॅस्टिकची बादली अर्धवट पुरून तिचा ठावठिकाणा जाहीर केला. तेव्हा त्यानं ग्रामसभेचा ठराव घेतला नव्हता. प्रत्येक गोष्टीला परवानगी मागत बसलो असतो तर हा खेळ जन्मालाच आला नसता.

वर्धाकाठ

अल्मर पोर्टलंडच्या परिसरातला, बादली त्याच भागात. स्वतः जाऊन बघता येईल अशा जागी. तुम्ही माझाच मुद्दा मांडलात. आणि पुरायला आज बंदी का आली? सुरुवातीच्या मोकळेपणाचा जमिनीला त्रास झाला म्हणूनच ना!

शिळावर्तुळ यांचं म्हणणं मला पटतं. अशा जागांना डब्याशिवायचा मार्ग आहे. अर्थकॅश २००४ पासून आहेत. तिथं काही लपवायचं नाही, काही हलवायचं नाही. जागा बघायची, निरीक्षण करायचं आणि नोंदीच्या मालकाला त्यानं विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं पाठवायची. लोणारच्या काठावर उभं राहून समोरची कड किती लांब आहे याचा अंदाज घ्या, पायाखालचा बसाल्ट कुठल्या बाजूला कललाय ते बघा. अठराशे मीटर रुंदीचं उल्काविवर बघायला माणूस येतो, त्याला तिथल्या दैत्यसुदन मंदिराच्या भिंतीतली डबी कशाला हवी?

शतकवीर

अर्थकॅशला अभ्यास करावा लागतो. मुलं घेऊन जातो तेव्हा त्यांना डबा उघडायचा असतो. आत एखादं खेळणं निघालं की त्यांचे चेहरे बघा. डबा काढून टाकलात तर माझी पोरं येणार नाहीत.

वर्धाकाठ

हे मात्र खरं आहे आणि डबे बंद करा असं मी म्हणत नाही. गावात लावा. शाळेच्या आवारात मुख्याध्यापकांना विचारून, वाचनालयात, एखाद्या किराणा दुकानदाराला सांगून त्याच्या ओट्याशी. दुकानदाराला माहीत असलं की डबी चोरीला जात नाही, उलट तो येणाऱ्याला पाणी विचारतो.

मोहफूल

आमच्या बोडीजवळची कॅश कधी काढणार, ते आधी सांगा. बाकी चर्चा नंतर.

सह्यवेडा

काल रात्री चारही नोंदी पुन्हा वाचल्या. बोडीची आणि गढीची आत्ताच बंद केली, ॲपवर बघा. मोहफूल ताईंचं पटलं. गढीचं अर्धं पटलं, पण आता तिथं कुणी मार खाल्ला तर ते माझ्या नावावर येईल, म्हणून बंद. बाहेरच्यांनी लावूच नये हे मात्र मला अजिबात मान्य नाही आणि होणार नाही. नाल्याची कॅश मी काढणार नाही. कुणाला सांभाळायची असेल तर दत्तक घ्या, मालकी बदलून देतो.

वर्धाकाठ

दत्तक घेऊन उपयोग नाही, ती जागाच चुकीची आहे. बाभळीवर बांधायची म्हटली तरी चांगलं झाड पुलापाशी आहे, ते १६१ मीटरच्या बाहेर; मालकाला जुनी नोंद स्वतः तेवढीच सरकवता येते. तुम्ही तुमची नोंद कायमची बंद करा, मी पुलापाशी नवीन लावतो. डबा तुमचाच वापरतो, क्लिप बदलून.

सह्यवेडा

वर्णनात मूळ डबा कुणाचा ते लिहा. मग बंद करतो.

वर्धाकाठ

लिहितो.

धुऱ्यावरून

हे सारं झालं, पन माह्या कडुनिंबाचे टाचे कोन काढन?

वर्धाकाठ

रविवारी मी येतो काका, पकड घेऊन. मशीन बंद ठेवा.

धुऱ्यावरून

मशीन सकाळी बंदच रायते. धा वाजता ये, जेवूनच जाजो. अन् त्या पंचनाम्याचा अर्जही लिहून दे, तुले चांगलं लिहिता येते.