जपानहून परत येऊन आठ महिने झाले, अजून जमत नाही. हा माज म्हणायचा का?

निशीकासाईकर:
सात वर्षं तोक्योत काढली, निशी-कासाईला. तिथे आपली माणसं भरपूर, त्यामुळे डाळ-तांदळाचे हाल नव्हते. आता पुण्यात. मेडिकलमध्ये पुढच्यापासून हातभर अंतर सोडून उभा राहतो, तर त्या अंतरात दोघंजण येऊन उभे राहतात आणि तिसरा माझ्या खांद्यावरून पैसे पुढे करतो. परवा एकाचा धक्का लागला आणि 'सुमिमासेन' (म्हणजे माफ करा) मीच म्हणालो, तो बघतच राहिला. हे चालतं एकवेळ, पण लेक तिसरीत आहे, तिथे पहिलीपासून पिवळी टोपी घालून बाकी पोरांबरोबर चालत शाळेत जायची, इथे कोपऱ्यावरच्या दुकानातही एकटी सोडत नाही आम्ही. विचारते, बाबा मी लहान झाले का?

पेठेतला:
एवढं होतं तर आलात कशाला? दोन वर्षं राहून आलेला पण हेच ऐकवतो, गाडी पाच मिनिटं लेट झाली तर स्टेशनवर दाखला देतात म्हणे. अहो आमच्याकडे दाखले द्यायला बसले तर कागद पुरायचा नाही.

ओसाका_रिटर्न:
मी चार वर्षं होतो, दुसरी बाजू पण सांगा की राव. घर शोधताना परदेशी म्हटल्यावर दोन एजंटांनी फोन ठेवला. शाकाहारी माणूस, मिसो सूप पितोय पितोय आणि नंतर कळलं त्यात माशाचा स्टॉक. बॉस उठेपर्यंत ऑफिसात बसायचं, कामाने मरण्याला त्यांच्याकडे 'करोशी' असा वेगळा शब्दच आहे. तापाने पाच दिवस पडून होतो, दार कोणी वाजवलं नाही. इथे एक दिवस दिसलो नाही तर काकू मऊ भात घेऊन हजर, आणि लग्नाचं काय झालं तेही विचारून गेल्या

चकली_कडक:
काकूंचा भात मान्य, पण त्या भाताच्या आड रस्त्यावरचा कचरा लपवू नका. ते जन्मतः स्वच्छ नसतात, पोरं शाळेत आपला वर्ग स्वतः झाडतात. १९९५ मध्ये तोक्योच्या मेट्रोत सरीन या विषारी वायूचा हल्ला झाला, त्यानंतर कितीतरी स्टेशनांवरचे कचऱ्याचे डबे काढले, तरी लोक रॅपर खिशात घालून घरी नेतात. इथे पोराच्या हातात झाडू दिला तर पालकांच्या ग्रुपवर रात्रभर दंगा.

निशीकासाईकर:
@ओसाका_रिटर्न खरंय, आईबाबांसाठीच आलो, पस्तावा नाही. @पेठेतला, उत्तर मिळालं ना?
काल लेकीला कोथिंबीर आणायला पाठवलं, मी अलीकडेच थांबलो, जीव मुठीत. रस्ता ओलांडताना तिने हात वर केला, तिथे शिकवतात तसा सरळ. एक रिक्षावाला चक्क थांबला, मागचे सगळे हॉर्न मारत होते तरी.

पेठेतला:
रिक्षा थांबली? नक्की पुण्यातच राहता ना?