शाळेत थेरपी डॉग आणायचाय, कोणाला अनुभव?

मुलुंडची बाई: आमची दहावीची पोरं प्रिलिमच्या आधी पार टेन्शनमध्ये असतात, काउन्सेलरकडे जायला लाजतात, म्हणून आठवड्यातून एकदा थेरपी डॉग (लोकांचा ताण हलका करायला खास शिकवलेला कुत्रा) बोलवावा म्हणतेय, पण पालक ऐकतील का?

दादरकर: ॲनिमल एंजल्स फाउंडेशन मुंबईतच हे काम करतं, विचारून बघा. कोणाचातरी घरचा कुत्रा नेऊ नका हं, ट्रेनिंग आणि सोबत हँडलर, म्हणजे त्याला सांभाळणारा माणूस, पाहिजेच.

श्वानवेडी: रेबीजची लस, जंताचं औषध आणि आपल्याकडे पावसाळ्यात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या घाण पाण्यातून होणारा आजार) असतो त्याचीही लस बघा. आणि कुत्रा सारखा जांभया देतोय, ओठ चाटतोय म्हणजे बहुतेक वैतागलाय, तिथेच थांबवा.

पार्लेकर आई: माझा लेक कुत्र्याला जाम घाबरतो, सक्ती नको! ॲलर्जीचंही विचारा.

मुलुंडची बाई: आधी फॉर्मच भरून घेते. शिपाईकाका आत्ताच विचारतायत, शी-शू कोण काढणार 😄