जेवणानंतर अर्ध्या-पाऊण तासात संपेल असा, जमीन वाढवत नेण्याचा बोर्ड गेम सुचवा

घरात पाच जण: आम्ही दोघं, दहा आणि सात वर्षांची मुलं, आणि माझी आई. रात्री जेवणं आटोपली की अर्धा-पाऊण तास हातात असतो. मित्रांकडे कॅटान खेळलो, आवडला, पण डाव लांबतो आणि धाकटी मध्येच पेंगायला लागते. सापशिडी-ल्युडोत सगळं फाशावर. विचार करून आपलं राज्य वाढवत न्यायचं, असं काहीतरी हवंय. अट एकच: एकाने उभं केलेलं दुसऱ्याने पाडायचं नाही, त्यावरून आमच्याकडे रडारड होते. आणि आईसाठी पत्त्यांवर मजकूर नसलेला बरा.

प्रतिसाद १

डोळे झाकून किंगडोमिनो घ्या. ब्रूनो कातालाचा गेम, २०१६ चा. २०१७ साली त्याला जर्मनीतला 'श्पील देस यारेस' पुरस्कार मिळाला. डाव पंधरा-वीस मिनिटांत उरकतो आणि वाचायला एक अक्षरही नाही.

प्रत्येकाचा एक किल्ला. त्याभोवती दोन-दोन चौकोनांच्या टाइल जोडत ५×५ चं राज्य भरायचं: शेतं, जंगल, पाणी, कुरणं, दलदल, खाणी. प्रत्येकाला बाराच टाइल मिळतात. २४ चौकोन आणि किल्ला धरून बरोबर २५, त्यामुळे एक टाइल वाकडी बसली की शेवटी भोक राहतं.

खरी मजा टाइल निवडण्यात आहे. दर फेरीला चार टाइल नंबराप्रमाणे मांडतात. लहान नंबराच्या साध्या, मोठ्या नंबराच्या मुकुटवाल्या. भारी टाइल उचललीत की पुढच्या फेरीत निवडायला तुम्ही शेवटी. साधी घेतलीत की पहिला हात तुमचा. हे लक्षात आल्यावर मुलं इतका विचार करतात की बघत राहावं! गुण म्हणजे एकाच प्रकारच्या जमिनीच्या सलग पट्ट्यातले चौकोन गुणिले त्यातले मुकुट. नऊ चौकोनांचं शेत पिकवलं पण मुकुट एकही नाही, तर शून्य. तीनच खाणी, पण मुकुट पाच, तर १५. कुणी कुणाच्या राज्यात पाऊल टाकत नाही. हवी असलेली टाइल दुसऱ्याने नेली, एवढंच काय ते दुःख.

फक्त तो चौघांपुरता आहे. आजी आणि नात एका बाजूला बसू देत. त्याचाच पुढचा गेम क्वीनडोमिनो मात्र आत्ता नको, तो बराच जड आहे.

प्रतिसाद २

पाच जण असतील तर कार्कासोन. २००० सालचा, पण अजून जुना वाटत नाही. ७२ टाइल, सगळे मिळून एकच नकाशा वाढवतात: रस्ते, शहरं, मठ. टाइल लावली की त्यावर आपला लाकडी माणूस ठेवायचा. दुसऱ्याच्या शहरात थेट घुसता येत नाही. शेजारी वेगळं शहर सुरू करून मग दोन्ही जोडता येतात. माणसांची संख्या सारखी असेल तर गुण दोघांनाही पूर्ण मिळतात, त्यामुळे भांडण फारसं होत नाही. शेतकऱ्यांचा नियम (माणूस शेतात ठेवून शेवटी त्याचे गुण मोजायचे) सुरुवातीला सोडून द्या. त्याची मोजणी मोठ्यांनाही चकवते. पाच जणांत वेळ मात्र पाऊण तासाच्या पुढे जाऊ शकतो.

प्रतिसाद ३

ब्लोकस! २०×२० चा पट, प्रत्येकाकडे २१ तुकडे. आपला नवा तुकडा आपल्याच तुकड्याला फक्त कोपऱ्याने चिकटला पाहिजे, कड लागता कामा नये. बस, एवढाच नियम. मोठे तुकडे आधी काढा आणि मध्याकडे सरका. यात पाडापाडी नाही, पण वाट अडवली जाते. तेवढ्यानेही धाकटी हिरमुसत असेल तर आधी किंगडोमिनोच.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. धाकटीला अजून गुणाकार येत नाही, किंगडोमिनो जमेल का?

प्रतिसाद १

नक्की जमेल. प्रत्येक मुकुटासाठी तिला पट्टा पुन्हा एकदा मोजू द्या. चार चौकोन, दोन मुकुट: चार आणि परत चार. गुणाकार थोरला करेल.

प्रतिसाद ४

गेम विकत घेईपर्यंत कागद-पेन्सिल आहेच की. ठिपके मांडा, पाळीपाळीने रेघ ओढा, चौकोन बंद करणाऱ्याचं अक्षर आत आणि त्यालाच आणखी एक पाळी. थोरल्याला एक युक्ती शिकवा. चौकोनांची लांब रांग मिळाली की सगळी गिळायची नाही. शेवटचे दोन चौकोन उरले की बाहेरच्या टोकाची रेघ ओढून ते दोन्ही समोरच्याला द्यायचे. ते बंद केले की पुढची रेघ त्यालाच ओढावी लागते आणि पुढची लांब रांग तो उघडून देतो. दोन देऊन सात-आठ मिळतात. पण धाकटीशी खेळताना ही युक्ती वापरायची नाही, असं आधीच ठरवून घ्या.

धागाकर्ती

हे आज रात्रीच खेळतो. किंगडोमिनो मागवतेय, कार्कासोन सुट्टीत. आईला विचारलं तर म्हणाली, खाणी मला हव्यात.