देवनागरी अंकांतले पिनकोड कसे शोधावेत?

प्रश्न: आमच्या दादरच्या वाचनालयाच्या सभासद-यादीत पिनकोड कुठे ४०००२८, कुठे ४०० ०२८, तर कुठे इंग्रजी अंकांत लिहिलेले असल्याने, [०-९] (म्हणजे कोणताही एक देवनागरी अंक) वापरूनही ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या संगणक-आज्ञेला कित्येक ओळी सापडत नाहीत. काय करावे?

उत्तर: युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या संगणकीय प्रमाणपद्धतीत, इंग्रजी अंकांची स्थाने वेगळी असल्याने दोन्ही पल्ले (०-९ आणि 0-9) एकाच चौकटी कंसात द्यावेत, आणि मधल्या मोकळ्या जागेनंतर प्रश्नचिन्ह ठेवावे, म्हणजे ती असली-नसली तरी जुळणी होईल.

आणखी एक उत्तर: साध्या ग्रेपमध्ये मात्र प्रश्नचिन्ह निव्वळ चिन्हच ठरते; विस्तारित रेग्युलर एक्सप्रेशनचा (शोधायच्या नमुन्याच्या विस्तारित लेखनपद्धतीचा) पर्याय द्यावा. शिवाय दहा आकडी मोबाइल क्रमांकाच्या पोटातही ४०० सापडू शकते, तेव्हा मागेपुढे अंक नसल्याची अट कृपया घालाच.

प्रश्नकर्ती: विस्तारित पर्याय दिल्यावर राहिलेल्या ओळी सापडल्या. मनापासून आभार.